ओपन बॅफल स्पीकर: कुठला ड्रायव्हर कुठे बसवायचा?

तारेवरचा_सुतार

नमस्कार मंडळी,

घरच्या घरी ओपन बॅफल स्पीकरची जोडी करायला घेतली आहे. ड्रायव्हर (म्हणजे सुटे स्पीकर) आले, प्लाय आला, राउटरवालाही ठरला. तो रोज विचारतोय, "साहेब, भोकं कुठे पाडू?" आणि घोडं तिथेच अडलंय.

हा प्रकार नवीन असलेल्यांसाठी दोन ओळी. यात खोकं नसतं. उभ्या फळीत ड्रायव्हर बसवायचे आणि मागची बाजू उघडी ठेवायची. ड्रायव्हरचा कोन (हलणारा शंकू) पुढे जेवढा आवाज सोडतो तेवढाच मागेही सोडतो, फक्त उलट्या फेजने, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ओढली जाते. खोक्याचा घुमारा जातो आणि आवाज मोकळा वाटतो, पण बेस निसटतो.

माझ्याकडचं सामान:
वूफर (खालच्या स्वरांचा) १५ इंची, कागदी कोन. एफएस (कोन आपसूक डोलतो तो स्वर) ३८ हर्ट्झ आणि क्यूटीएस (ते डोलणं किती मोकळं आहे याचा आकडा) ०.७२ हे दोन्ही आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर स्वतः मोजलेले. एक्समॅक्स (कोन एका बाजूला किती हलू शकतो) ५ मिमी, हा मात्र कागदावरचा.
मिड (मधल्या स्वरांचा) ८ इंची, हलका कागदी कोन.
ट्विटर (वरच्या स्वरांचा) १ इंची डोम, मागून बंद.
दोन्ही बाजूंना एकेक मिनीडीएसपी २×४ एचडी (डिजिटल प्रोसेसर), म्हणजे क्रॉसओव्हर (कुठला स्वर कुठल्या ड्रायव्हरला याची वाटणी) पूर्ण अ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅम्पच्या आधीच होणारा.

आराखडा असा: १८ मिमी प्लायची ४५ सेमी रुंद, १२० सेमी उंच फळी. तिन्ही ड्रायव्हर मधल्या रेषेवर, खाली वूफर, मध्ये मिड, वर ट्विटर. खोली ११ बाय १७ फूट, स्पीकर आखूड भिंतीच्या बाजूला. भिंत सोडून १ मीटर पुढे आणता येतील.

ऐकणं मुख्यतः ख्याल आणि तबला, कधीमधी जॅझ.

प्रश्न: ड्रायव्हर मधोमध ठेवू की एका बाजूला सरकवू? वूफर जमिनीपासून किती वर? एक वूफर पुरेल का?

घंटानाद

वाचनखूण साठवली. मलाही यात उडी मारायची आहे, आधी तुम्ही पडून बघा :)

फळकूट

फळी मोठी करा! आमच्या आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. मागून उघडा, पाठीला भोकं पाडलेला पुठ्ठा, आणि आत जेमतेम ८ इंची स्पीकर. तरी बातम्या देणाऱ्याचा आवाज छातीत घुमायचा. ते ओपन बॅफलच. ४५ सेमीत काय होणार? निदान ९० सेमी रुंद करा, नाहीतर बाजूंना मागे वळलेले पंख लावा. जितकी फळी मोठी तितका बेस, हिशेब सोपा आहे.

अर्धी_तरंगलांबी

फळकूट यांचं पहिलं वाक्य तत्त्वतः बरोबर, पण त्यावर आराखडा उभा केला तर हाती दार येईल, स्पीकर नाही. जरा सविस्तर लिहितो.

मागचा आवाज फळीच्या कडेला वळसा घालून पुढे येतो. तो पुढच्यापेक्षा जेवढं जास्त अंतर चालतो, त्याला 'ड' म्हणू. मधोमध बसवलेल्या ड्रायव्हरसाठी 'ड' म्हणजे ढोबळमानाने केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर. एवढ्या एका आकड्यावर तीन गोष्टी ठरतात:

'ड' बरोबर अर्धी तरंगलांबी झाली की मागचा आवाज पुढच्यात मिळतो आणि ६ डेसिबलचा उंचवटा येतो.
'ड' बरोबर पूर्ण तरंगलांबी झाली की दोघे एकमेकांना मारतात आणि समोर खड्डा पडतो.
'ड' तरंगलांबीच्या सहाव्या हिश्शावर आला की हिशेब शून्यावर, म्हणजे फळीमुळे फायदाही नाही, तोटाही नाही. त्याच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबल घसरण.

आता धागाकर्त्याची फळी घ्या. मिड ४५ सेमीच्या मधोमध, 'ड' २२ सेमी. ध्वनीचा वेग ३४३ मीटर धरला तर उंचवटा ७८० हर्ट्झला आणि खड्डा १५६० ला. हे दोन्ही मिडच्या ऐन कामाच्या पट्ट्यात! गायकाच्या आवाजाचा सगळा कस याच सप्तकात असतो. डीएसपीने समोरचा खड्डा भरता येईल, पण मग ३० अंश बाजूला तेवढाच ढिगारा उभा राहतो, कारण तिथून पाहिलं तर 'ड' वेगळा असतो. एका जागेचा दोष बरा करताना बाकी खोली बिघडवायची, एवढंच होतं.

मिड एका बाजूला सरकवला तर? डावी कड १५ सेमीवर, उजवी ३० वर, वरची आणखी वेगळी. प्रत्येक कडेचा खड्डा वेगळ्या जागी पडतो आणि एक खोल विहीर होण्याऐवजी दोन-तीन उथळ खळगे होतात. चारही कडांपासून सारख्या अंतरावर ड्रायव्हर बसवणं हा सर्वांत वाईट पर्याय. गोल फळीच्या मधोमध तर बसवूच नका. सरकवायचंच असेल तर डावा-उजवा स्पीकर एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा करा, दोन्ही एकाच बाजूला सरकवू नका.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. सरकवणं ही मलमपट्टी आहे. मिडला ४५ सेमीची फळी हवीच कशाला? वूफरला हवी. मिडला २५ सेमी पुरते. तिथे 'ड' जाडीसकट १३ सेमी, उंचवटा १३२० ला आणि खड्डा २६४० ला. १५०० ला ट्विटरकडे सोपवलंत तर खड्ड्याची गाठच पडत नाही. वर जाल तशी फळी अरुंद व्हायला हवी, कारण वर जाल तशी तरंगलांबी आखूड होते.

फळकूट

आणि मग खालचं काय? २५ सेमीच्या फळीवर मिड बिचारा उघडा पडला की.

अर्धी_तरंगलांबी

पडला ना. २५ सेमीवर घसरण ४५० हर्ट्झपासूनच सुरू होते. पण त्याला वूफरकडून २२० ला काम घ्यायचं आहे. तिथवर ६ डेसिबलची तूट. ती डीएसपीतून भरायची. मिडची संवेदनशीलता ९२ असेल तर ८६ उरते, घरात पुष्कळ झाली. २२० हर्ट्झला ८ इंची कोन हलतोच किती!

पंखांबद्दल: मागे वळलेले खोल पंख लावले की मागे उघडी पेटी तयार होते, आणि उघडी पेटी स्वतःच्या सुरात वाजते. वूफरसाठी ते चालवून घेता येतं, मिडमागे नको. फळी ताठ राहावी म्हणून दोन छोटे त्रिकोणी आधार लावा, बस.

जाता जाता आजोबांच्या रेडिओबद्दल. तो छातीत घुमायचा तो १००-१५० हर्ट्झच्या वरच, आणि त्यात पेटीचा स्वतःचा सूर मिसळलेला असायचा. कानाला गोड लागायचं हे मान्य. तोच सूर पाहिजे असेल तर रेडिओच करा.

निवांत_नागपूरकर

हे सगळं राइस आणि केलॉग यांनी १९२५ च्या निबंधात मूव्हिंग कॉइल स्पीकर मांडला तेव्हापासूनचं आहे. फळीशिवाय खालचे स्वर उरत नाहीत हे तेव्हाच माहीत होतं. १९५७ चा क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसुद्धा पुढे-मागे दोन्हीकडे वाजणाराच. नवीन काही नाही, डीएसपी तेवढा नवीन.

ऱ्हाइनकाठी

'वर जाल तशी अरुंद' याचं बघण्यासारखं उदाहरण म्हणजे झीगफ्रीड लिंकविट्झ यांचा एलएक्स५२१ हा ओपन बॅफल स्पीकर. (लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हरमधले तेच. मूळचे जर्मन, नोकरी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये, २०१८ मध्ये गेले.) खाली दोन १० इंची वूफर, त्यावर ८ इंची, मग ४ इंची, आणि ट्विटर दोन, एक पुढे एक मागे. क्रॉसओव्हर १२०, १००० आणि ७००० हर्ट्झला. वरची फळी खांद्याशी रुंद आणि डोक्याशी निमुळती. फोटो पाहिला तर आधी वाटतं उगाच नक्षी केली आहे. नक्षी नाही, प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या मापाची कड दिली आहे.

त्यातली दुसरी गोष्ट फोटोत पटकन कळत नाही. वरची फळी वूफरच्या पेटीवर टेकलेली नसते. एका पुलासारख्या चौकटीवर वेगळी उभी असते, म्हणजे वूफरचा हादरा मिडपर्यंत जात नाही. तारेवरचे सुतार, तुम्ही तिन्ही एकाच फळीत घालताय. त्यावर विचार करा.

तारेवरचा_सुतार

बापरे. एवढं येईल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

ऱ्हाइनकाठी, हादरा खरंच एवढा असतो का? १८ मिमी प्लाय आहे, शिवाय मागे आधार.

अर्धी_तरंगलांबी

आकडाच काढू. १५ इंची कोनाचं हलतं वजन ९० ग्रॅम धरा. ४० हर्ट्झला ५ मिमी हालचाल म्हणजे प्रतिक्रियेचा जोर २८ न्यूटनच्या आसपास. जवळजवळ ३ किलोचा धक्का, सेकंदाला ४० वेळा पुढे आणि ४० वेळा मागे. मिडचा कोन त्याच वेळी मिलिमीटरच्या शतांशात नाजूक काम करत असतो आणि त्याच्या पायाखालची फळी हलते. खोक्यात निदान वजन तरी असतं, इथे एक उभी फळी.

आणि हो, कुणी सुचवायच्या आत लिहितो. 'दोन वूफर घ्या, एक उलटा बसवा, हादरे एकमेकांना मारतील' हे सपाट फळीवर होत नाही. उलटा बसवून तारा उलट्या जोडल्या तरी दोन्ही कोन खोलीच्या हिशेबाने एकाच दिशेला हलतात, नाहीतर आवाजच मरेल. म्हणजे हादऱ्यांची बेरीज होते. उलटा बसवण्याचा फायदा वेगळा: कोन पुढे जाताना आणि मागे येताना वागण्यात जो फरक असतो त्यातून येणारी सम क्रमांकाची विकृती कमी होते. हादरे मारायचे असतील तर डब्ल्यू फ्रेम लागते. तिथे कोन समोरासमोर असतात आणि खरोखर उलट दिशांना हलतात.

घंटानाद

मी सुचवणारच होतो. हात मागे घेतला.

खर्जातली_मैना

तांत्रिक बाजू तुमची, मी गाणारी. एक विचारू? ४० हर्ट्झ ४० हर्ट्झ चाललंय, पण धागाकर्ते ऐकतात ख्याल. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकला लावला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर येते. बाईच्या तानपुऱ्याचा खर्ज त्याहून बराच वर. हार्मोनियमची खालची सप्तकंही साधारण काळी एकच्या खर्जापासून वरच. डग्ग्याचा घुमारा खाली जातो, पण तोही पाइप ऑर्गनसारखा तळ गाठत नाही. मग ४० हर्ट्झसाठी एवढी कुस्ती कशाला?

आणि दुसरं, ऐकणार कुठे बसून? आमच्याकडे गादीवर बसून ऐकतात. तिथे १२० सेमी उंच फळीवरचा ट्विटर डोक्यावरून जाईल.

अर्धी_तरंगलांबी

मैनाताई, हे दोन्ही प्रश्न आधी विचारायचे असतात. बेसचं गणितच त्यावर ठरतं.

बंद खोक्यात एक सप्तक खाली जायचं तर तेवढ्याच आवाजासाठी कोन चौपट हलावा लागतो. ओपन बॅफलमध्ये आठपट. इथे बेस फळीच्या आकारावर कमी आणि कोन किती हवा ढकलू शकतो यावर जास्त अवलंबून असतो. धागाकर्त्याच्या वूफरचा हिशेब केला. जमिनीलगत, ४५ सेमीच्या फळीवर, 'ड' २५ सेमी, कोनाचं क्षेत्रफळ ८५० चौरस सेमी, एक्समॅक्स ५ मिमी:

३० हर्ट्झ: १ मीटरवर सुमारे ८३ डेसिबल
४० हर्ट्झ: सुमारे ९०
६९ हर्ट्झ: सुमारे १०४

हे एका स्पीकरचं, खोलीची मदत न धरता. काळी एकच्या खर्जाला १०४ डेसिबल म्हणजे तानपुरा घरभर होईल. पाइप ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक बेस ऐकायचा असता तर मी सरळ दोन वूफर सांगितले असते. दुसऱ्या वूफरने ६ डेसिबल मिळतात. पण दोन्ही ८ ओहमचे समांतर जोडले तर अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात, ते बघून. ख्याल आणि तबल्यासाठी एक पुरे.

वूफर मात्र जमिनीलगतच हवा. फ्रेम फळीच्या खालच्या कडेजवळ, केंद्र २२ सेमीवर. मागचा आवाज खालून वळसा घालू शकत नाही, कारण तिथे फरशी आहे. आवाजाच्या हिशेबाने फरशीखाली तसाच दुसरा वूफर आणि तशीच दुसरी फळी असल्यासारखं होतं. फळी ३० सेमी वर उचललीत तर हा फायदा गेला.

फळकूट

मग एच फ्रेम का नको? दोन्ही बाजूंनी उघडी ४० सेमी खोल पेटी, मध्ये वूफर. 'ड' वाढतो, रुंदी तीच राहते. मी केली आहे आणि उत्तम चालते.

अर्धी_तरंगलांबी

चांगलीच आहे. 'ड' २५ चा ४० झाला की ४ डेसिबल फुकट. पण वूफरच्या दोन्ही बाजूंना २० सेमीच्या पोकळ्या होतात आणि तोंडाशी हवा जोडली जाते, तेव्हा त्या २५०-३०० हर्ट्झच्या आसपास वाजू लागतात. म्हणून एच फ्रेमला १२० च्या आसपासच सोडावं लागतं. मग मिडने १२० पर्यंत खाली यायचं. २५ सेमीच्या फळीवर तिथे ११ डेसिबलची तूट आहे, ६ ची नाही.

तुमचा मिड केवढ्या फळीवर आहे?

फळकूट

५० सेमी. मधोमध :)

ठीक आहे, कळलं काय म्हणताय ते. पण मी धातूसंगीत ऐकतो, मला ते ४ डेसिबल लागतात. एच फ्रेम मी सोडणार नाही. मिडची फळी कापून बघतो.

अर्धी_तरंगलांबी

सोडूच नका. तुमच्या संगीताला तीच बरोबर. ख्यालाला सपाट फळी बरोबर.

कंजूस_मख्खीचूस

डीएसपीशिवाय जमेल का हो? माझ्याकडे एकच जुना अ‍ॅम्प आहे आणि एक १२ इंची पीए (सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरचा) वूफर पडून आहे. क्यूटीएस ०.३.

अर्धी_तरंगलांबी

तो वूफर खोक्यात घाला. एफएसला ड्रायव्हरची पातळी क्यूटीएसइतकी असते. १ असेल तर शून्य डेसिबल, ०.७२ ला उणे ३, ०.३ ला उणे १०.५. त्यावर फळीची घसरण वेगळी. जोरदार चुंबकाचा पीए वूफर ओपन बॅफलवर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, आणि लोक म्हणतात 'ओपन बॅफलला बेस नसतो'. डीएसपी नको असेल तर क्यूटीएस १ च्या आसपासचा किंवा वरचा वूफर शोधा. अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी 'अमेझिंग' नावाचा स्पीकर केला होता. त्यात मुद्दाम चढ्या क्यूचे १२ इंची वूफर उघड्या फळीवर रांगेत लावले होते, म्हणजे फळीची घसरण आणि ड्रायव्हरचा उंचवटा एकमेकांना खातात. मालिकेत रोधक लावूनही क्यूटीएस चढवता येतो, पण वॅट रोधकात जळतात.

बाजारात सुटे मिळणारे वूफर बिनमापाचे असतात. घेण्याआधी आरईडब्ल्यूने मापता आले तर बघा. दुकानदाराने दिलेला कागद मी मानत नाही.

निवांत_नागपूरकर

भिंतीबद्दल कुणी बोललं नाही. ओपन बॅफल भिंतीला चिकटवला की संपला.

अर्धी_तरंगलांबी

बरोबर, आणि त्याचं कारण खोक्याच्या उलट आहे. खोकं भिंतीजवळ नेलं की खालचा बेस वाढतो. इथे मागचा आवाज मुळातच उलट्या फेजचा, भिंतीवरून परतून येतो आणि खालच्या स्वरांना खातो. भिंत १ मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झला मदत होते आणि १७२ ला खड्डा पडतो. ६० सेमीवर आणलंत तर मदत १४३ ला आणि खड्डा २८६ ला. ४० हर्ट्झला तेवढ्यानेच ४ डेसिबल जातात. हा एका भिंतीचा कोरडा हिशेब, खोलीत बाकीच्या भिंतीही आपापलं बोलतात. पण दिशा हीच.

चांगली बातमी अशी की फळीच्या पातळीत, म्हणजे बरोबर ९० अंशाला, आवाज जवळजवळ शून्य असतो. ११ फुटांच्या खोलीत बाजूच्या भिंती जवळ असूनही त्रास देत नाहीत. समोर तेवढाच आवाज ठेवून खोलीत एकूण ऊर्जा खोक्याच्या एक तृतीयांश सुटते, म्हणजे ४.८ डेसिबल कमी. स्पीकर आत वळवून ती शांत बाजू भिंतीवरच्या पहिल्या परावर्तनाच्या जागेकडे करता येते. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. फोम लावू नका, वरचे स्वर मरतात आणि खालचे तसेच राहतात.

ऱ्हाइनकाठी

राहिला मिड आणि ट्विटर. त्या दोघांची केंद्रं सोपवणीच्या स्वराच्या एका तरंगलांबीपेक्षा जवळ हवीत, जितकी जवळ तितकं बरं. १५०० हर्ट्झला तरंगलांबी २३ सेमी. ८ इंची फ्रेम साधारण २१ सेमी, ट्विटरची पट्टी १०.४ सेमी, चिकटून बसवली तर केंद्रांत १५.७ सेमी. चालेल. पण एकाच्या वर एक ठेवा, शेजारी नको. शेजारी ठेवलेत की डावीकडे बसणाऱ्याला एक सूर आणि उजवीकडे बसणाऱ्याला दुसरा. मिड-वूफरचं इतकं मनावर घेऊ नका, २२० हर्ट्झला तरंगलांबी दीड मीटर आहे.

तारेवरचा_सुतार

बसतो आम्ही गादीवरच. कान ८० सेमीच्या आसपास. नवीन आराखडा असा केला आहे, बघा:

खालची फळी ४८ सेमी रुंद, ५० उंच, थेट फरशीवर. वूफरचं केंद्र २२ सेमीवर. मागे दोन त्रिकोणी आधार, खाली जड पाट.

वरची फळी वेगळी, २५ सेमी रुंद. मागून उभ्या चौकोनी खांबावर, खांब स्वतःच्या पाटावर. दोन फळ्यांत अर्धा सेमी फट, तीत मऊ रबराची पट्टी. मिडचं केंद्र ६२ वर, ट्विटरचं ७८ वर. मिड संपला की फळी निमुळती करत ट्विटरपाशी १३ सेमी.

क्रॉसओव्हर २२० आणि १५००, दोन्ही लिंकविट्झ-रायली, दर सप्तकाला २४ डेसिबलचे. एकूण उंची ८५ सेमी भरते. घरचे खूश आहेत, टीव्हीच्या आड येणार नाही.

राउटरवाल्याला अजून काही सांगायचं का?

फळकूट

मी सांगतो, हे माझं क्षेत्र. मिडच्या भोकाला मागून ४५ अंशांचा उतार द्यायला सांगा. १८ मिमी जाडीत सरळ भोक ठेवलं तर कोनाचा मागचा आवाज बोगद्यातून बाहेर पडल्यासारखा होतो, फ्रेमच्या खिडक्या अर्ध्या बुजतात. फक्त स्क्रूच्या जागी पूर्ण जाडी सोडा. आधी पुठ्ठ्यावर फ्रेम ठेवून पेन्सिलीने खुणा करा, सगळे ड्रायव्हर कागदावरच्या मापाचे निघत नाहीत. वूफरला लाकडी स्क्रू नकोत, टी-नट आणि एम५ बोल्ट. दोनदा काढ-घाल केली की प्लायमधला स्क्रू फिरायला लागतो. प्लाय कुठला हे विचारू नका, आतून पोकळ्या नसलेला. टकटक करून बघा, कळतं.

अर्धी_तरंगलांबी

आराखडा छान. भोकं पाडायच्या आधी व्हिट्युइक्सकॅड या सॉफ्टवेअरमध्ये फळीची कड काढून बघा, फुकट आहे आणि त्याच्या डिफ्रॅक्शनच्या (कडेला वळणाऱ्या आवाजाच्या) खिडकीत ओपन बॅफलची सोय आहे. मिड २ सेमी इकडेतिकडे सरकवून काय होतं ते पडद्यावर दिसेल. २५ सेमीत सरकवायला जागाही नाही आणि गरजही नाही, मधोमधच ठेवा. आधी म्हटलेलं मधोमधचं संकट रुंद फळीसाठी होतं.

मोजणी गच्चीवर करा. वरची फळी टेबलावर चढवून जमिनीपासून दीड मीटर, माइक १ मीटरवर त्याच उंचीला. पहिलं परावर्तन ६ मिलिसेकंदांनी येतं, त्याआधीचं तेवढं कापून घ्यायचं. त्यात १६० हर्ट्झच्या खालचं काही कळत नाही. वूफरसाठी फळी गच्चीच्या फरशीवर उभी करा आणि माइक फरशीवरच आडवा टेकवा. फरशीचं परावर्तन हिशेबातच येतं, वेगळं कापावं लागत नाही. ० सोबत ३० आणि ६० अंशांचंही मोजा. समोरचं एकच माप बघून डीएसपी फिरवत बसू नका.

खर्जातली_मैना

ट्विटर मागून बंद आहे ना? मग १५०० च्या वर मागे काहीच वाजणार नाही. गायकाचा आवाज मागूनही येतोय आणि 'स'चा सीत्कार फक्त पुढून, असं होईल का?

अर्धी_तरंगलांबी

होतं तसं. म्हणून बरेच जण मागे दुसरा ट्विटर पाठीला पाठ लावून बसवतात, लिंकविट्झ यांनीही तेच केलं. आधी एकावर ऐका. मागची भिंत १ मीटरवर आणि पुस्तकांची असेल तर फरक कळेल, पडद्याची असेल तर कदाचित कळणार नाही. फळीत जागा मात्र आत्ताच सोडा. आणि मिनीडीएसपीचं चौथं आउटपुट तसंही मोकळं आहे.

तारेवरचा_सुतार

जागा सोडतो. मागच्याच्या तारा सरळ जोडायच्या की उलट?

अर्धी_तरंगलांबी

उलट. पुढचा डोम पुढे जाताना मागचा त्याच्या मागोमाग आत ओढला गेला पाहिजे, म्हणजे दोघे मिळून एकाच कोनासारखे हलतात. पातळी मागच्याची स्वतंत्र ठेवा, पुढच्यापेक्षा ३ डेसिबल खालून सुरुवात करा आणि तानपुऱ्यावर ठरवा.